डावा हात मोकळा झाला

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्याला बांधलेला असतो. उजवा सुरांत रंगतो, गाणाऱ्याच्या मागे धावतो, जागा घेतो; डावा आपला हवा भरत राहतो. साताऱ्याच्या आमच्या भजनी मंडळात माझा डावा हात कायम हेच करत आला. आता त्याच हाताची तीन बोटं मी पट्ट्यांवर ठेवते आणि तबला, तानपुरा, बेस, व्हायोलिनचा ताफा असे सगळे एकदम वळून माझ्या सुराला येऊन मिळतात. बोटं बदलली की तेही बदलतात. आणि यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी की ही साथ विकत मिळते! शे-दोनशे रुपयांत, फाइलीच्या रूपात, शेकडो मैलांवरच्या एखाद्या ढोलकीवाल्याने घरी बसून तयार केलेली. हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

ह्यांची बँकेतली बदली तंजावरला झाली तेव्हा पेटी मी मंडळातच ठेवून आले. तिथे ती रोज लागते. इथे आल्यावर कीबोर्ड घेतला. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला कॅसिओच म्हणतात. हा यामाहाचा, पीएसआर-एसएक्स ६००. पट्ट्या ६१, आवाज ८५०, स्टाइल ४१५. घेताना मनात एवढंच होतं की पेटीसारखा सूर निघेल, तानपुरा धरता येईल आणि काळी चारवरून काळी पाचवर जायचं तर एक बटण पुरेल. शिकवायला एक मास्टर येतात. इथे संगीत शिकवणाऱ्याला मास्टरच म्हणतात. रविवारी सकाळी ते चर्चमध्ये वाजवतात, मुहूर्त असतील तेव्हा लग्नाच्या रिसेप्शनला, आणि उरलेल्या वेळात मुलांना लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांसाठी तयार करतात. मला उजव्या हातानेच वाजवताना पाहून ते म्हणाले, "अम्मा, हा अरेंजर आहे. डावा हात मांडीवर ठेवण्यासाठी नाही."

मग त्यांनी माझा डावा हात उचलून सा-ग-पवर ठेवला आणि एक बटण दाबलं.

साथ सुरू झाली! ती कुठून आली ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. स्टाइल म्हणजे कीबोर्डमधली तयार साथ; पण ती ध्वनिमुद्रण नव्हे, हे आधी लक्षात घ्या. मलाही तसंच वाटलं असतं की आत कुठेतरी तबल्याची टेप फिरतेय. ती फिरत नाही. स्टाइलच्या फाइलीत आवाज नसतोच, असतात त्या सूचना: या क्षणी हा सूर, इतक्या जोरात, एवढा वेळ. जोर शून्य ते १२७ या मापात मोजलेला. ही मिडीची भाषा १९८३ साली ठरली आणि आजही कीबोर्ड तीच बोलतात. यामाहाच्या एका स्टाइलमध्ये अशा सूचनांच्या आठ ओळी एका वेळी चालू असतात: तालाच्या दोन, एक बेसची, दोन कॉर्डच्या, म्हणजे एकदम धरलेल्या सुरांच्या, एक पॅड आणि दोन लहान सुरावटींच्या. आठ साथीदार! त्यांच्याकडे तीन इंट्रो, मूळ ठेक्याचे चार प्रकार, एकातून दुसऱ्यात जाताना घ्यायची चार फिल, एक ब्रेक आणि तीन एंडिंग. ध्रुपद झालं, अंतऱ्याला चढायचं, गजराला लय वाढवायची, समेवर सोडायचं, हे सगळं त्या बटणांवर आहे.

आणि सूर कसे बदलतात? इथे मी अक्षरशः थक्क झाले. स्टाइल बनवणारा सगळी साथ एकाच कॉर्डमध्ये वाजवून ठेवतो, यामाहात बहुतेक सी मेजर सेव्हनमध्ये. सोबत प्रत्येक साथीदारासाठी नियम लिहून ठेवतो. समजा माझा डावा हात सा-ग-प सोडून म-ध-सांवर गेला. बेसने सरळ मध्यमावर जायचं, ते ठीकच आहे. पण संतूर वाजवणारा जिवंत माणूस असता तर त्याने सगळा हात उचलून वर नेला असता का? नाही. त्याने सा तसाच धरून ठेवला असता आणि बाकीची बोटं मध्यम-धैवतावर सरकवली असती. सा-म-ध. तेवढ्याच जागेत, कानाला धक्का न देता. हे शहाणपण फाइलीत लिहिता येतं! या ओळीने मुळासकट उडी मारायची, त्या ओळीने जवळचा सूर धरायचा, असा हुकूम प्रत्येक साथीदाराला वेगळा देता येतो. आणि तबला-ढोलकीला सांगायचं की कॉर्डकडे लक्षच देऊ नकोस.

आमच्या ४१५ स्टाइल बहुतेक पाश्चात्त्य. वॉल्ट्झ, पोल्का, बोसा नोव्हा, रॉक, बॅलड. सुंदर आहेत, त्यांचं काम फार वरच्या दर्जाचं आहे. पण मला हवा होता भजनी ठेका, टाळांसकट. मास्टर म्हणाले, "मग विकत घ्या. मी तविलची अशीच घेतली." आणि त्यांनी पेन ड्राइव्ह लावून वाजवून दाखवलं. तंजावरच्या लग्नात मुहूर्ताच्या क्षणी नादस्वरम ही इथली सनई आणि तविल हा ढोल यांचा जो गदारोळ उठतो, गेट्टीमेळम, तो एका बटणावर बसवलेला! पुढे कुत्तूचा ठेका, ज्यावर इथली पोरं मिरवणुकीत नाचतात. सगळं विकत घेतलेलं, बनवणाऱ्याचं नाव फाइलीच्या नावात.

परदेशात हा व्यवसाय कधीचा रुळलेला आहे. यामाहाचं स्वतःचं म्युझिकसॉफ्ट नावाचं दुकान आहे, तिथे गाण्यांच्या आणि स्टाइलच्या फाइली मिळतात. जर्मनीत तर एकट्याने कीबोर्ड घेऊन अख्खा समारंभ रंगवणाऱ्या वादकांची परंपराच आहे आणि त्यांच्यासाठी फाइली बनवणारेही तिथे पुष्कळ. आपल्याकडे असं मोठं दुकान मला भेटलं नाही, भेटली ती माणसं. ढोलकी, ऑक्टापॅड वाजवणारे, ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर उभे राहणारे कलाकार. ते स्टाइल बनवतात, यूट्यूबवर वाजवून दाखवतात, खाली नंबर देतात. तुम्ही फोन करायचा, यूपीआयने पैसे पाठवायचे, फाइल येते. मला कोल्हापूरकडचे एक ढोलकीवादक सापडले. त्यांचा भजनी ठेका ऐकला आणि तंजावरच्या भर दुपारी पंख्याखाली बसून माझ्या अंगावर शहारा आला. लगेच फोन लावला.

"ताई, मॉडेल कुठलं?"

"एसएक्स ६००."

"पॅक टाकलाय का कुठला?"

"पॅक म्हणजे?"

"मग आधी पॅकचं बघू. नुसती स्टाइल पाठवली तर तबल्याच्या जागी भलतंच वाजेल."

भलतंच का वाजेल, हे त्यांनी इतकं छान समजावलं की मी वहीत उतरवून घेतलं. १९९१ साली जगातल्या कीबोर्ड कंपन्यांनी मिळून १२८ वाद्यांची एक यादी ठरवली, जनरल मिडी नावाची. एक नंबरला पियानो, असं करत करत. त्या यादीत १०५ नंबरला सतार आहे आणि ११२ नंबरला सनई! वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण तबला नाही. ढोलकी नाही. मृदंगम, पखवाज, टाळ, काही नाही. तालवाद्यांच्या वेगळ्या संचात बोंगो आहेत, कोंगा आहेत, अगदी ब्राझीलची कुइका आहे, आणि आपला तबला नाही. म्हणून आपल्या स्टाइल विकणाऱ्याला आवाजही स्वतःच रेकॉर्ड करून द्यावे लागतात. तोच पॅक. स्टाइल म्हणजे काय वाजवायचं ते, पॅक म्हणजे कशावर वाजवायचं ते. दोन्ही जुळले तरच गाडी चालते. पॅक कीबोर्डच्या आत एका राखीव जागेत बसतो आणि माझ्या मॉडेलमध्ये ही जागा थोडी, म्हणून निवडून घ्यावं लागतं. शिवाय काही पॅक एकाच कीबोर्डला बांधून दिलेले असतात: आपल्या यंत्राच्या ओळखीची फाइल पेन ड्राइव्हवर काढून विकणाऱ्याला पाठवायची, मग तो त्या यंत्रापुरतीच किल्ली करून देतो. यामाहाची स्टाइल कॉर्ग कंपनीच्या कीबोर्डवर सरळ चालत नाही, हेही तेव्हाच कळलं. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण आवाज पुन्हा जुळवत बसावं लागतं.

संध्याकाळी पॅक आला, मागून स्टाइल. मी लोड केलं आणि सा-ग-पवर बोटं ठेवली.

पहिल्या प्रकारात फक्त तबला आणि तानपुरा. डग्ग्याचा घुमारा खरा! मनगट सरकवून जो घिस्सा घेतात तो त्यांनी वेगवेगळ्या दाबांचा निरनिराळा रेकॉर्ड केलाय, म्हणून दर आवर्तनात तो थोडा वेगळा येतो. दुसऱ्या प्रकारात टाळ मिसळतात, अगदी अलगद, मागच्या रांगेतून यावेत तसे. तिसऱ्यात बेस डोलायला लागतो. चौथा गजराचा, दुगणीत. फिल या यंत्रावर एकाच मापाएवढी असते, त्यामुळे त्यात मोठं काही मावत नाही. या माणसाने काय केलं असेल? पूर्ण तिहाई एंडिंगमध्ये ठेवली. मी शेवटचा "विठ्ठल" म्हणते, बटण दाबते, तीन वेळा तुकडा फिरतो आणि बरोब्बर समेवर सगळं थांबतं. माझ्या तोंडून "वाह" गेलं आणि दाद द्यायला समोर कोणीच नव्हतं.

आणि तानपुरा! पाश्चात्त्य पद्धतीने बनवलेल्या स्टाइलमध्ये डावा हात मध्यमावर गेला की खालचं सगळं मध्यमावर जातं. तानपुरा गेला तर? भजनाचा पायाच सरकला. यांनी त्या ओळीला नियम लावलाय: कॉर्ड काहीही येवो, तू हलायचं नाहीस. बेस फिरतो, संतूर फिरतं, तानपुरा षड्जावर ठाम. ज्याने आयुष्यात तानपुऱ्यावर गाणं ऐकलंय त्यालाच हे सुचणार. मी या फाइलीकडे म्हणूनच एका साथीदाराची समज म्हणून पाहते. त्यांनी वर्षानुवर्षं मंडळांत बसून जे कमावलं ते त्यांनी मला लिहून दिलं, आणि माझ्या डाव्या हाताच्या स्वाधीन केलं.

गाण्यांच्या फाइली वेगळ्या. तिथे अख्खं गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मांडलेलं असतं, मधलं सगळं संगीत, बासरीचे तुकडे, सगळं. काही फाइलींत शब्दही पडद्यावर सरकतात. एका जुन्या भावगीताची मी घेतली. मूळ सुरावटीची ओळ बंद केली आणि ती मी वाजवली, बाकीचे सगळे वाजवत राहिले. गाणं माझ्या पट्टीत आणलं तरी लय तसूभर हलली नाही, कारण आत आवाज नाहीतच, सूचना आहेत. फाइल केवढी? काही किलोबाइट. मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभातच्या फोटोहूनही लहान! तरी भजनाला गाण्याची फाइल कामाची नाही. भजनात बुवा एक ओळ दोनदा घेतील की दहादा, हे त्यांना तरी कुठे माहीत असतं? तिथे स्टाइलच पाहिजे, थांबणारी, वाट पाहणारी, आपल्या हातावर चालणारी.

एक मनापासून सांगते. हजार-दोन हजार स्टाइलचं बंडल म्हणून जे फिरत असतं ते घेऊ नका. त्यातल्या निम्म्या आपल्या मॉडेलला लागत नाहीत, आवाज जुळत नाहीत, आणि बहुतेक कुणाच्या तरी कष्टाची परस्पर केलेली नक्कल असते. एकच घ्या, पण ज्याने बनवली त्याच्याकडून घ्या. फोनवर बोला. लय किती, पट्टी कुठली, आपण काय गातो, ते सांगा. माझ्या ढोलकीवाल्या दादांनी मी सांगितल्यावर टाळांचा आवाज खाली करून फाइल पुन्हा पाठवली. रेडिमेड बंडल असं कधी करेल?

आता तंजावरचं ऐका, कारण खरी गंमत पुढेच आहे.

साथ कागदावर लिहून, विकत घेऊन, लांबून मागवायची ही रीत या गावात दोनशे वर्षांपूर्वी होती! सरफोजीराजे दुसरे, ज्यांनी १७९८ ते १८३२ राज्य केलं, त्यांच्या पदरी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता. त्यासाठी वाद्यं आणि छापील स्वरलिपी परदेशातून मागवली जात असे. स्वरलिपी म्हणजे तरी काय? हा सूर, इतका वेळ, इतक्या जोरात. आवाज नाही, सूचना. जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास करून ती यायची आणि इथले वादक ती उघडून वाजवायचे. सरस्वती महाल ग्रंथालयासमोर उभी राहिले तेव्हा मला हे आठवलं आणि मी खूप वेळ तिथून हललेच नाही. आपले मराठी राजे, व्यंकोजींच्या वंशातले, आणि त्यांनीही हेच केलं. याच सरफोजींनी मराठीत देवेंद्र कुरवंजी ही नृत्यनाटिका लिहिली, एकेका कथेवर अठरा-अठरा नृत्यप्रकारांची निरूपणं रचली, तीही मराठीत. महाराष्ट्रात आपल्याला हे शाळेत कुणी शिकवतच नाही!

त्यांच्या दरबाराशी नातं असलेले चार भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, तंजावर चौकडी म्हणून सगळ्या भरतनाट्यमवाल्यांना ठाऊक आहेत. वडिवेलूंनी व्हायोलिन असं वश केलं की १८३४ साली त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिलं. साथीला परदेशी वाद्य घ्यायचं आणि त्याला आपलं करून टाकायचं, यात या गावाचा हात कुणी धरणार नाही.

या चौकडीचे गुरू मुत्तुस्वामी दीक्षितर. १८३५ साली ते गेले. तरुणपणी त्यांचं कुटुंब मद्रासजवळ मणलीला राहत होतं. तिथे त्यांच्या कानावर इंग्रजांच्या फौजेचा बँड पडला. त्यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी तिथेच व्हायोलिन शिकले. आणि दीक्षितरांनी काय केलं? बँडच्या त्या चालींवर देवांची स्तोत्रं रचली, संस्कृतात. चाळीसच्या आसपास आहेत, नोट्टुस्वर म्हणतात त्यांना. सगळी शंकराभरणम रागात, म्हणजे आपल्या बिलावलाच्या सुरांत, कीबोर्डच्या भाषेत पांढरी एकपासून सरळ पांढऱ्या पट्ट्या. 'संततं पाहि माम्' इंग्रजांच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. 'श्यामले मीनाक्षी' तर जगातली प्रत्येक आई लहान मुलांना जी ताऱ्याची चाल ऐकवते त्या चालीवर! मास्टरांनी हे मला सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

कर्नाटक संगीतातल्या कृतींना कॉर्ड लावायला गेलं की राग दुखावतो. तोडीत, भैरवीत सूर डोलत असतात, त्यांच्याखाली तीन सूर घट्ट रोवले की गमक गुदमरतं. मास्टर तिथे स्टाइल लावतच नाहीत, तानपुरा आणि मृदंगम एवढंच. त्यांचं म्हणणं मला पटलंय. पण नोट्टुस्वर? ती बँडच्याच पोटी जन्मलेली! तिथे कॉर्ड आपणहून येऊन बसतात. 'श्यामले मीनाक्षी'ला मी साधी चार मात्रांची स्टाइल घेतली: सी, मग एफ, पुन्हा सी, पुढे जी. डावा हात एवढ्या तीनच जागा फिरतो आणि गाणं बहरत जातं. 'संततं पाहि माम्' तीन मात्रांचं. वॉल्ट्झ लावलं तर ते नाचायला लागलं, तसं नको होतं. मग मिक्सर उघडून तालाच्या दोन्ही ओळी बंद केल्या, व्हायोलिनचा ताफा आणि बेस तेवढे ठेवले, लय खाली आणली. आणि काय सांगू! स्तोत्र झालं ते. संस्कृत शब्द, युरोपची चाल, जपानी वाद्य, तंजावरची संध्याकाळ आणि साताऱ्याचा डावा हात. दीक्षितरांनी ज्या प्रकारचा बँड ऐकला तो माझ्या बोटांखाली वाजत होता.

मास्टर रविवारी चर्चमध्ये जी तमिळ भजनं वाजवतात त्यांतली कित्येक वेदनायकम शास्त्रियार यांची. हे शास्त्रियार आणि सरफोजीराजे दोघेही श्वार्त्झ नावाच्या जर्मन पाद्र्याचे शिष्य. एक राजा झाला, एक ख्रिस्ती कवी. इथल्याच शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये श्वार्त्झ यांच्या अखेरच्या क्षणाचं संगमरवरी शिल्प आहे, राजांनी जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलेलं, त्यात स्वतः सरफोजी गुरूच्या बिछान्याजवळ उभे. मास्टर त्या गाण्यांनाही विकत घेतलेल्या स्टाइल लावतात. आणि याच गावात अब्राहम पंडितर नावाचे सिद्ध वैद्य होऊन गेले, ज्यांनी औषधांच्या कमाईतून संगीत परिषदा भरवल्या, १९१७ साली 'करुणामृत सागरम्' हा प्रचंड ग्रंथ छापला आणि त्याआधी १९१६ मध्ये बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेला जाऊन श्रुतींवर वाद घातला. पाश्चात्त्य स्वरलिपी ते उत्तम जाणत. त्यांच्या हाती हा कीबोर्ड आला असता तर त्यांनी एकेका श्रुतीसाठी स्वतः पॅक बनवला असता, याची मला खात्री आहे.

इथल्या मराठी घरांतल्या काही बायका शनिवारी आमच्याकडे जमतात. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांमागे आलेले, मी आत्ता आत्ता आलेली, आणि अभंग आमचे सगळ्यांचे एकच. त्यांच्या चाली मात्र दाक्षिणात्य भजन संप्रदायातल्या, जास्त सरळ, जास्त वेगवान, टाळाच्या जागी जालरा. कोल्हापूरच्या ठेक्यावर त्यांनी पहिल्यांदा अभंग म्हटला तेव्हा तिसऱ्या प्रकाराला, बेस आला तशा, सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि लय आपोआप वाढली. मी टेम्पोचं बटण दाबत त्यांच्या मागे धावत होते! गेल्या महिन्यात आम्ही कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला गेलो. तिथे विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर आहे, २०११ साली प्रतिष्ठापना झालेलं. कावेरीच्या काठच्या त्या गावात तमिळ माणसं टाळी धरून तुकोबा म्हणत होती. मृदंगम आणि जालरावर, चढ्या लयीत. ते ऐकतानाच मला पुढची स्टाइल सुचली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांनी मराठी कीर्तन तंजावरला आणलं आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथा उभी केली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं तमिळ कीर्तनकार आजही गातात. मग यासाठी स्टाइल का नसावी? पहिले दोन प्रकार आपली धुमाळी, तबला आणि टाळ. तिसऱ्याला तबला मागे घ्यायचा आणि मृदंगम पुढे. चौथ्याला दोन्ही एकदम, वर जालरा. मी कोल्हापूरला फोन केला. दादा क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "ताई, करू. पण माझ्याकडे मृदंगमचे आवाज नाहीत. चांगले आवाज पाठवा, बाकी मी बघतो."

मास्टरांच्या ओळखीचे एक मृदंगमवादक आहेत, तेही तयार झालेत. त, दी, थोम, नम आणि चापूचे दोन प्रकार, प्रत्येक आघात हलका, मध्यम, जोरदार असा वेगवेगळा, आणि प्रत्येकाची आस पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. आमच्या मागच्या खोलीत, पंखा बंद करून, पहाटे, रस्त्यावर बस सुरू व्हायच्या आत. माइक मास्टर आणणार आहेत. षड्ज दादांनी ठरवून कळवलाय, म्हणजे शाईची बाजू त्यात नीट लावून घेता येईल. पॅक दादा बांधतील. स्टाइल झाली की ती विकायलाही ठेवायची, आणि विक्रीत मृदंगमवादकांचा वाटा असणार, हे तिघांनी फोनवर बोलून पक्कं केलंय. किंमत अजून ठरायची आहे. मी मात्र माझे पैसे कालच पाठवून टाकले.